कॉमन आहे हो, ठेवून द्या



साड्या मोजून झाल्या, भांडी मोजून झाली, सोन्याची यादी झाली आणि मी माळ्यावरच्या एका डब्याशी येऊन अडकले.

गेल्या दशलक्षण पर्वात मी परिग्रहपरिमाण व्रत घ्यायचं ठरवलं होतं. आपल्याला किती पुरे आहे हे आपणच ठरवायचं, लिहून काढायचं आणि त्याच्या पुढे जायचं नाही, एवढं साधं हे व्रत. शास्त्रानं त्याची वर्गवारीही करून दिली आहे: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य वगैरे. मी वहीत तसेच रकाने आखले होते. डब्यात होती सासूबाईंनी जमवलेली जुनी नाणी. हिरण्य म्हणजे व्यवहारात चालणारं चांदी-नाणं, असा अर्थ टीकाकार सांगतात. पण ही नाणी तर कुठेच चालत नाहीत. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली. मग ती लिहायची कुठल्या रकान्यात?

यजमान म्हणाले, "भंगारवाल्याला दे. ॲल्युमिनियमचा भाव तरी येईल." लेकीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं म्हणे लाखो रुपयांना जातं! ते नाणं २०१२ सालचं, आणि माझ्या भाजीच्या पाकिटात ते कितीदा येऊन गेलंय. अशा जाहिरातींना भुलू नका, आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता. तेव्हा तो विषय तिथंच संपला. पण मनात राहिलं की जाणत्या माणसाला एकदा दाखवावं. म्हणून मुंबईत नाण्यांचं प्रदर्शन लागलं तेव्हा डोंबिवलीहून पिशवीत डबा घालून निघाले.

टेबलामागच्या गृहस्थांनी डबा वर्तमानपत्रावर ओतला, एका बोटानं ढीग दोनदा फिरवला आणि म्हणाले, "सगळं कॉमन आहे हो वहिनी. ठेवून द्या." अर्धं मिनिटही लागलं नाही. शेजारी एक जण भिंगातून चांदीचा रुपया पाहत होता. त्यानं आमच्या ढिगाकडे पाहिलं आणि हसला.

मला वाईट वाटलं, हे कबूल करते. ती नाणी सासूबाईंच्या हातची होती. पण परतताना लोकलमध्ये विचार केला, त्या गृहस्थांचं काय चुकलं? त्यांचा धंदा दुर्मीळपणावर चालतो. टांकसाळीत त्या वर्षी किती नाणी पाडली, आज किती उरली, नाणं किती कोरं आहे आणि घेणारे किती आहेत, यावर भाव ठरतो. कोट्यवधींनी पाडलेल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या पाच पैशाला भाव कुठून येणार? त्यांचं गणित बरोबर होतं. मला खटकला तो दुसराच शब्द: 'कॉमन'. म्हणजे पाहण्यासारखं काही नाही.

खरं तर आपली भाषाही असाच भेद करते. चांगल्या माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतो. ज्याची किंमत नाही ते 'दमडीचं', ज्याचा उपयोग नाही तो 'ढब्बू पैसा'. ढबू हे एके काळी दोन पैशांचं तांब्याचं जाडजूड नाणं होतं. बाजारहाट त्याच्यावर चालायचा, पण भाषेत त्याच्या वाट्याला आली ती हेटाळणी. मग मी या 'कॉमन' नाण्यांविषयी वाचायला घेतलं. काय सापडलं ते सांगते.

आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात कॉमन नाणं कोणतं म्हणाल, तर शिवराई. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन आज इतके कमी उरलेत की हाताच्या बोटांवर मोजावेत. शिवराई मात्र पुढे छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात पडतच राहिली आणि इंग्रजांचं राज्य आल्यावरही बराच काळ बाजारात चालली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढच्या काळात अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली आली, तिला 'दुदांडी' म्हणतात. इतकी मुबलक, की कितीतरी शिवराया तांबटाच्या भट्टीत जाऊन हंडे-कळश्या झाल्या. साधी झिजलेली शिवराई आजही एखाद्या पुस्तकाच्या किमतीत मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कॉमन शिवराईच्या मागे लागला तो एक अमेरिकन पाद्री. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट. पुढे याच ॲबटसाहेबांनी आपल्या तुकोबांची, बहिणाबाईंची चरित्रं इंग्रजीत नेली. त्यांनी एक-दोन नव्हे, सुमारे २५,००० शिवराया जमवल्या आणि त्यांत जवळपास १५० वेगवेगळे प्रकार ओळखले. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे 'छत्रपति', कुठे 'छत्रपती'. ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं, अक्षराचं वळण बदललेलं, टिंबांची नक्षी बदललेली.

मी इथं थांबले. पंचवीस हजार एकसारखी नाणी! आमच्या यजमानांनी भंगारात काढली असती. पण विचार करा, दुर्मीळ तेवढंच घ्यायचं असं ठरवून ॲबट बसले असते तर ते दीडशे प्रकार दिसलेच नसते. ठसे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या ठिकाणी कोरले गेले. कुणी लिहिण्यात पक्का होता, कुणी नुसतं पाहून अक्षरं गिरवत होता. हे सगळं कळतं ते ढिगातून. सोन्याच्या एका होनातून राजा कळतो, शिवरायांच्या ढिगातून त्याचं राज्य कळतं.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकचं. १९०६ साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी आणि सगळी एकाच राजाची, क्षत्रप नहपानाची. म्हणजे पुन्हा कॉमनच! पण त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. गौतमीपुत्रानं क्षहरातांचं कूळ बुडवलं, असं नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईच्या, बलश्रीच्या लेखात कोरलेलं आहे. त्या लेखाला या चिल्लरीनं साक्ष दिली. एखादंच ठसा मारलेलं नाणं मिळालं असतं तर कुणी म्हटलं असतं, असेल काही अपवाद. नऊ हजार नाण्यांपुढे शंका उरत नाही. आणि मला त्यातला घरगुती शहाणपणा फार आवडला. राजानं जुनी नाणी वितळवली नाहीत, वरून ठसा मारला आणि पुन्हा बाजारात सोडली. आपण जुन्या साडीला नवा काठ लावतो, तसंच.

त्या काळी आपलं कल्याण मोठं व्यापारी ठाणं होतं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी राहायला खोली दिली. ते दानही असल्याच छोट्या चांदीच्या नाण्यांतून साठलं असणार.

आणखी हजार वर्षं पुढे या. डोंबिवलीहून कर्जतची लोकल पकडली की कल्याणनंतर अंबरनाथ लागतं. तिथल्या शिवमंदिरातला लेख १०६०चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. या शिलाहारांची राजधानी आपलं ठाणे, म्हणजे श्रीस्थानक. आणि त्या काळात आपल्या भागात चालणारं नाणं कोणतं? गधैया! नावातच हेटाळणी ऐकू येते. मूळ नाणं इराणच्या सासानी राजांचं: एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. त्याची नक्कल, नकलेची नक्कल असं चारपाचशे वर्षं चाललं. शेवटी राजाच्या चेहऱ्याच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं उरली. जाड, ओबडधोबड, हलक्या चांदीचं नाणं. सुंदर गुप्त मोहरांपुढे गधैयाला कोण विचारतो? संग्राहकांच्या बाजारात ते आजही स्वस्तच असतं. पण त्यातल्याच काही गधैयांवर नागरी अक्षरांत छित्तराजाचं नाव वाचता आलं. छित्तराज म्हणजे ठाण्याचा शिलाहार राजा, मुम्मुणीचा थोरला भाऊ. सगळी सारखीच म्हणून बाजूला टाकली असती तर ठाण्याच्या राजाचं हे नाणं तसंच ढिगात पडून राहिलं असतं.

हे वाचताना मला आपल्याच एका श्रावकाची गाठ पडली. ठक्कुर फेरू. दिल्लीच्या सुलतानांच्या पदरी असलेला हा जैन गृहस्थ टांकसाळीच्या कामातला जाणकार. त्यानं १३१८च्या सुमारास 'द्रव्यपरीक्षा' नावाचा ग्रंथ लिहिला, तोही नाण्यांवर. अडीचशेच्या वर प्रकारच्या नाण्यांची नोंद त्यात आहे. कुठल्या नाण्यात किती चांदी, किती तांबं, वजन किती, बदल्यात काय मिळावं. त्यात सोन्याचे टंक आहेत, तशीच हलक्या मिश्र धातूची बाजारी नाणीही आहेत. हा ग्रंथ कित्येक शतकं विस्मृतीत होता. अगरचंद आणि भंवरलाल नाहटांना कोलकात्याच्या एका ग्रंथभांडारात त्याची पोथी मिळाली, म्हणून आज तो आपल्याला माहीत आहे. ग्रंथाचं नावच पाहा: द्रव्यपरीक्षा. परीक्षा म्हणजे नीट पाहणं. नाणं राजाचं असो की बाजारातलं, आधी हातात घेऊन पाहायचं, मग बोलायचं. मला त्या प्रदर्शनातलं अर्धं मिनिट आठवलं. आणि खरं सांगायचं तर मी तरी कुठे पाहिलं होतं? वीस वर्षं तो डबा माळ्यावर होता.

मग मी ठरवलं. डबा ठेवायचा की द्यायचा ते नंतर. आधी परीक्षा. पाठशाळेतल्या सात-आठ मुलांना रविवारी घरी बोलावलं, सतरंजीवर डबा ओतला आणि प्रत्येकाला एक वही दिली.

मुलांनी आधी आकार लावले. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली, तेव्हापासूनची नाणी होती. एक नया पैसा छोटा गोल, त्याच्यावर लिहिलेलं 'रुपये का सौवाँ भाग'. दोन पैसे कातरलेल्या काठाचे, पाच पैसे चौकोनी, तीन पैसे षट्कोनी. त्यामुळे अंधारातही बोटाला कळायचं कुठलं नाणं आहे ते. १ जून १९६४ला 'नया' शब्द गळला. त्याच साली तीन पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं आलं आणि पुढे सगळी चिल्लरच हलकी होत गेली. "हे पाण्यावर तरंगेल का?" एका मुलानं विचारलं आणि लगेच वाटीत टाकून पाहिलं. अलगद ठेवलं की तरंगतं!

मग वर्षं, मग टांकसाळ. वर्षाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. बहुतेक नाणी मुंबईची निघाली, ते साहजिकच. पण ताराही बरेच निघाले. हैदराबादला पडलेला पैसा डोंबिवलीच्या फडके रोडवर कसा आला असेल, यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला. मी मध्ये पडले नाही.

मला सासूबाईंच्या गोष्टी आठवत होत्या. १९६३ला लग्न होऊन त्या सांगलीकडून डोंबिवलीला आल्या. नये पैसे येऊन सहा वर्षं झाली होती, पण भाजीवाल्या अजून आण्यांतच बोलायच्या. एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे बारा, तीन आणे मात्र एकोणीस आणि चार आणे पंचवीस. एका आण्याचे खरे होतात सव्वासहा. तो पाव पैसा कुणाचा, यावर रोज हुज्जत. सासूबाई म्हणायच्या, "मी तीन आण्यांची भाजी कधी घेतलीच नाही. चार आण्यांची घ्यायचे, हिशेब सरळ यायचा."

डब्यात सतरा नाणी पिवळीधमक होती. वीस पैशांचं, कमळ असलेलं नाणं, १९६८ ते १९७१मधलं. व्यवहारात ते फारसं रुळलं नाही. सोन्यासारखं दिसतं आणि वर कमळ, म्हणून घरोघरी लक्ष्मीपूजनाला बाजूला ठेवलं गेलं. आमच्या सासूबाई मात्र म्हणायच्या, कमळ हे आपल्या पद्मप्रभूंचं लांछन. तेच नाणं, तेच कमळ, पण आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा. कुठल्या कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं असणार?

चौथ्या रविवारी सगळी यादी वर्षांप्रमाणे लावली. साठ्यातलं सगळ्यात नवं नाणं बघायचं, म्हणजे साठा कधी बंद झाला याचा अंदाज येतो, असं मी वाचलं होतं. जोगळटेंभीला जी रीत, तीच आमच्या डब्याला. सगळ्यात नवं निघालं स्टीलचं दहा पैशांचं, १९८८चं. त्यानंतर एकही नाही.

संध्याकाळी यजमानांना सहज म्हटलं, "आईंचा डबा अठ्ठ्याऐंशीनंतर बंद झालेला दिसतो." ते वर्तमानपत्र खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी एकोणनव्वदच्या जानेवारीत नोकरीला लागलो." आणि मग सांगितलं. आई कल्याणला शिलाई केंद्रावर जायची. स्टेशनपासून केंद्रापर्यंत चालत जायची आणि बसचे वाचलेले पैसे या डब्यात टाकायची. मोठी नाणी माझ्या फीला जायची. बारीकसारीक उरायची ती अशी. मी पहिला पगार आणून दिला, त्यानंतर ती बसनं जायला लागली.

मला हे माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. भंगारात दे म्हणणाऱ्या त्यांनीही हे कितीतरी वर्षांत आठवलं नव्हतं. डब्यानं ते सांगितलं, आणि तेही सगळी नाणी कॉमन होती म्हणून. त्यातलं एखादंच दुर्मीळ असतं तर आम्ही तेवढं काढून घेतलं असतं.

आता व्रताचा प्रश्न. तत्त्वार्थसूत्र सांगतं की परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या ममत्वात असतो. खोटं कशाला बोलू, १९८८चं ते स्टीलचं नाणं हाती आल्यावर मला डबा जन्मात सोडवेना. काल जो भंगारात टाकायला निघाले होते, तोच आज जिवाला चिकटला. दुर्मीळ नाण्यासाठी भांडणारा संग्राहक आणि मी, फरक काय राहिला? वस्तू स्वस्त असली म्हणजे मोह स्वस्त असतो असं नाही.

यंदा उत्तम आकिंचन्याच्या दिवशी निकाल लावला. प्रत्येक प्रकारचं एकेक नाणं पुठ्ठ्यावर चिकटवून घरात ठेवलं, शेजारी त्याचं वर्ष आणि टांकसाळ. एक कमळ, एक स्टीलचे दहा पैसे. सोबत २००१चं पाच रुपयांचं, भगवान महावीरांच्या २६००व्या जन्मकल्याणकाचं नाणंही लावलं. तेही कॉमनच, तुमच्याही देव्हाऱ्यात असेल. वहीत मुलांनी केलेली पूर्ण यादी ठेवली, म्हणजे ढीग गेला तरी ढिगाचं म्हणणं राहील. बाकी सगळी नाणी पाठशाळेच्या मुलांना वाटली. सोळा कमळं द्यायची होती. पंधरा सहज दिली. सोळावं मात्र तीन दिवस हातून सुटलं नाही. मग तेही दिलं, आमच्या वादावादीत सगळ्यात जास्त भांडलेल्या मुलीला. आता पुठ्ठा वहीत लिहिलाय, स्वतःचा वेगळा रकाना काढून.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. लाखाच्या व्हिडिओंवर जाऊ नका आणि आजच भंगारवाल्यालाही बोलावू नका. एका रविवारी मुलांना घेऊन बसा, वर्षं लिहून काढा आणि सगळ्यात नवं नाणं कुठलं ते पाहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या वर्षी काय झालं होतं.

जय जिनेंद्र.